नियमित क्रियापद

आठवीत कल्लोळी सरांनी
आम्हाला पहिलं क्रियापद दिलं: स्टे.
नियमित आहे म्हणाले, दगा देणार नाही,
गोसारखं एका रात्रीत वेन्ट होणार नाही.
मागं ई-डी लावा, झाला भूतकाळ.

पायगोंडा मगदूम बाकावरनं उठला.
सर, स्टे म्हणजे कोर्टातला न्हवं?
आमच्या बांधावर आलाय की, चुलत्यानं आणलेला.
वर्ग हसला. सर हसले नाहीत.
तोच, म्हणाले. आहे तिथं राहणे.

मग फळ्यावर कॅरी लिहिलं, शेजारी स्टे.
कॅरीचा वाय ई-डी दिसताच पळतो,
त्याच्या जागेवर आय येऊन बसतो.
स्टेचा वाय हलत नाही. का?
कुणालाच येईना.
शेजारी स्वर आहे म्हणून.
शेजारी बोलणारं कुणी असलं
की गाव सोडवत नाही.

सर गोकाककडचे.
त्यांच्या मराठीत खिडकी कधी तो, कधी ते.
‘तो खिडकी लाव रे, खाट येतोय तंबाखूचा,’
म्हणाले की आम्ही दप्तरात तोंड घालून हसायचो.
त्यांना ते ठाऊक असावं.
एकदा म्हणाले, तुमच्यात राहिला, राहिली, राहिलं.
इंग्रजीत आई स्टेड, म्हैस स्टेड, खिडकी स्टेड.
कोण कुणातलं, विचारतच नाही.

शमशाद मुजावर घरी विड्या वळताना घोकायची.
एका विडीला एक काळ.
हजार विड्यांत बारा काळ त्र्याऐंशी वेळा व्हायचे
आणि वर चार विड्या उरायच्या,
त्या ती अर्थांना द्यायची:
स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ.
शेवटच्या विडीचा दोरा
नेहमी सैल बसायचा म्हणे.

त्या हिवाळ्यात सरांच्या बदलीचा कागद आला.
सिंधनूर.
नकाशात शोधायला आम्हाला पट्टी लागली.
सर आठवडाभर धारवाडला गेले
आणि स्टे घेऊन आले.
पायगोंडा वर्गभर नाचला, ही स्टेज, ही स्टेज!
एस विसरला नाही, आयुष्यात एकदाच.
सरांनी तरी खोडून काढलं.
कायमचं असेल तर साधा वर्तमान.
तात्पुरत्याला आय-एन-जी.
म्हण, ही इज स्टेइंग.

जूनमध्ये स्टे उठला.
शेवटच्या तासाला त्यांनी फळा ओल्या फडक्यानं पुसला,
सुकायची वाट न बघता लिहिलं:
इफ दे हॅड आस्क्ड मी,
आय वुड हॅव स्टेड.
ओल्यावर खडू उमटेना, दोनदा गिरवलं.
अर्थ सांगितला नाही.
मी वहीत त्याच्यासाठी दोन ओळी सोडल्या.

आता माझं स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे.
लोकांचे अर्ज भरून देतो,
तीन भाषांतनं एकच पत्ता.
किती वर्षांपासून राहता, हा रकाना
सगळ्यात असतो.
म्हातारी माणसं तिथं थांबतात,
‘पहिल्यापासनं’ म्हणतात.
पहिल्यापासनंला आकडा लिहावा लागतो.

परवा शमशादकडनं सरांचा नंबर मिळाला.
काय बोलावं सुचेना, म्हणून परीक्षा दिल्यासारखं म्हटलं,
सर, आय स्टे इन निपाणी.
करेक्ट, म्हणाले. साधा वर्तमान. शाब्बास.
आणि तुम्ही, सर?

पलीकडं कुकरची शिट्टी झाली,
कुणीतरी कन्नडमधनं जेवायला हाक मारली.
आय ॲम स्टेइंग इन सिंधनूर, ते म्हणाले.

एकोणीस वर्षं झाली.
घर बांधलंय तिथं, नातू शाळेत जातो,
खरं आय-एन-जी
काढलेली नव्हती.